विज्ञानाच्या तासाला खडू आणि फळा

महाविद्यालयांत प्रोजेक्टर आल्यापासून फलकलेखन ही शाळेतील बाब समजली जाऊ लागली आहे. वास्तविक उच्च शिक्षणाशी फळ्याचा संबंध जुना आहे. आइन्स्टाइन यांनी १९३१ साली ऑक्सफर्ड येथे व्याख्यान देताना लिहिलेला फळा तेथील विज्ञान-इतिहास संग्रहालयात आजही जतन केलेला आहे.

फळ्याचे खरे मोल त्याच्या मंद गतीत आहे. रसायनशास्त्रातील फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचे उदाहरण घेऊ. स्लाइडवर अर्धायुकालाचे सूत्र तयार दिसते : ०.६९३ भागिले वेगस्थिरांक. विद्यार्थी ते उतरवून घेतो व पाठ करतो. हेच फळ्यावर मांडताना प्रत्येक पायरीशी थांबावे लागते. ऋण चिन्ह का? अभिक्रियाकाची संहती काळानुसार घटते म्हणून. संकलनाचा स्थिरांक कसा काढावा? काल शून्य असतानाची संहती घालून. येथे खडू खाली ठेवावा आणि उत्तर वर्गाकडूनच येऊ द्यावे. २.३०३ कोठून आले? नैसर्गिक लॉगचे दशमान लॉगमध्ये रूपांतर करताना. दोनचा दशमान लॉग ०.३०१०, त्याला २.३०३ ने गुणले की ०.६९३ मिळते. पुढच्या ओळीत आरंभीची संहती अंश व छेद या दोहोंतून कटते. हे डोळ्यांदेखत घडले की १०० चे ५० आणि ५० चे २५ होण्यास सारखाच वेळ का लागतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा येथे विशेष विचार व्हावा. त्याला विषय कठीण जातो असे आपण म्हणतो. पुष्कळदा अडते ते इंग्रजी संज्ञेपाशी. फळ्याच्या डाव्या कडेला अरुंद पट्टा आखून त्यात नवी संज्ञा, तिचे चिन्ह व एकक लिहावे आणि तास संपेपर्यंत पुसू नये. त्याला मान वर करताच शब्द सापडतो, आणि विचारण्याचा संकोचही वाचतो.

फळ्याकडे तोंड करून बोलणे मात्र टाळावे. आधी लिहावे, मग वळून बोलावे. तास सुरू होण्यापूर्वी एकदा शेवटच्या बाकावर बसून आपलेच अक्षर वाचून पाहण्यास हरकत नाही.

पेशीची सूक्ष्मचित्रे किंवा स्फटिकांची त्रिमितीय रचना यांसाठी प्रोजेक्टरच हवा. तेथे खडूचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.