राउटर : घराचा न दिसणारा उंबरठा

उल्हासनगर कॅम्प २ मधील गजानन मार्केटच्या परिसरात दिवसाचा व्यापार आटोपला की शटर खाली येते, कुलुपे लागतात आणि किल्ली जपून घरी नेली जाते. मात्र त्याच व्यापाराचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे व उधारीची यादी ज्या संगणकावर असते, तो जगाशी जोडणाऱ्या राउटरचा पासवर्ड अनेक घरांत बसवणाऱ्याने ठेवला तोच राहतो. ही कुलूप लावून किल्ली दारातच ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पाकिटांतून प्रवास करते. कापडाच्या गाठीसोबत बिल्टी असावी, तसा प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि ‘पोर्ट’ म्हणजे दरवाजाचा क्रमांक असतो. राउटरमधील फायरवॉल ही बिल्टी वाचते. घरातून मागणी गेली असेल तर तिचे उत्तर आत येते. न मागवलेला माल दारातूनच परत जातो.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये लिहून आत जावे. प्रथम व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलावा. फायरवॉल सुरू आहे का, ते पाहावे. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, बंद करावी. उपकरणांना परस्पर दरवाजे उघडू देणारे ‘यूपीएनपी’ही बंद ठेवावे. मुनीमजींना घरून हिशेब पाहता यावा म्हणून कोणी ३३८९ क्रमांकाचा पोर्ट उघडून ठेवला असेल, तर तो आजच बंद करावा. रिमोट डेस्कटॉपचा हा नेहमीचा दरवाजा घुसखोर सतत ठोठावत असतात. त्याऐवजी व्हीपीएन वापरावे.

परंतु उंबरठा राखला म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नाही. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणकावरील हल्ल्याने ठप्प झाले. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाला जगभरातील सुमारे ४५ हजार संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या दारातून, आत शिरला आणि मग एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला.

बोध स्पष्ट आहे : आतही भिंती हव्यात. हिशेबाचा संगणक मुख्य जाळ्यावर ठेवून कॅमेरे, टीव्ही व पाहुण्यांचे फोन ‘गेस्ट नेटवर्क’वर जोडावेत; तेथून मुख्य जाळ्यात प्रवेश बंद आहे, याची खात्री करावी. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नये. आपणच आत घेतलेल्याला फायरवॉल अडवत नाही. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दरवर्षी वहीपूजनापूर्वी आपण जुनी येणी-देणी तपासतो. त्याच दिवशी घरातील तरुण मुला-मुलींना सोबत घेऊन राउटरही तपासावा, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि नवा पासवर्ड लिहून तिजोरीत ठेवावा. अर्ध्या तासाचे हे काम वर्षभराची वही सांभाळते.