ऊस दीर्घ, उसाचा ऱ्हस्व : लेखनात मागे पडणारी मुले आणि संगणक

मागील मेळाव्यात काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक देण्याची इच्छा व्यक्त केली. त्याच बैठकीत एका पालकांनी विचारले, "गुरुजी, यंत्र आलं म्हणजी आमच्या पोराचं शुद्धलेखन सुधरंल का?" प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नव्हते. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या शब्दाविषयी. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द आपल्या समाजाने फार वेगळ्या अर्थाने भोगलेले आहेत. मुलाच्या वहीवर 'अशुद्ध' असा शेरा मारताना आमचा हात आजही अडखळतो. जोतीराव फुले यांच्या ग्रंथांतील व्याकरणावर बोट ठेवून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांची टवाळी केली, हा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो. म्हणून 'प्रमाणलेखन' हा शब्द आम्हांस अधिक योग्य वाटतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 साली शासनाने स्वीकारले आणि 1972 साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. माणसांनी ठरवलेली ही मापे आहेत. ती शिकता येतात आणि ती शिकण्याचा हक्क ऊसतोड कामगाराच्या मुलालाही तितकाच आहे. उद्या अर्ज, उत्तरपत्रिका आणि नोकरीची परीक्षा याच मापाने तपासली जाणार आहे.

तिसरी-चौथीच्या वह्या चाळताना आमच्या असे ध्यानात आले की सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारा मुलगा आपल्या घरच्या बोलीशी प्रामाणिक असतो. ही कानाची चूक. दोन्ही उच्चार शेजारी शेजारी ऐकवले की तिला फरक कळू लागतो. जोडाक्षरे आणि रफार यांतील चुका हाताच्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, हा भेद अनेक पदवीधरांनाही सावकाश लिहावा लागतो! तिसरी जात सर्वांत मोठी, ऱ्हस्व-दीर्घाची, आणि तिच्याबाबत आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे मुलांना चुकीचा सल्ला दिला. "नीट ऐका, मग लिहा," असे आम्ही सांगत आलो. परंतु 'दिन' आणि 'दीन' यांचा उच्चार आपण सारखाच करतो. मराठीत इकार-उकाराची लांबी पुष्कळदा अक्षर शब्दात कोठे आले यावर ठरते. कान कितीही तयार केला तरी त्यातून नियम ऐकू येत नाही.

हा नियम मुलांच्या अंगणातून मात्र सहज सापडतो. भूम तालुका खव्याचा, आणि येथून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या टोळ्यांचा. दूध आणि ऊस हे दोन शब्द न शिकवता मुलांना ठाऊक असतात. दूध, पण दुधाचा खवा. ऊस, पण उसाची मोळी. विहीर, पण विहिरीत. जमीन, पण जमिनीला. अकारान्त शब्दातले शेवटून दुसरे अक्षर इकार-उकाराचे असेल तर ते दीर्घ, आणि प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूप बदलले की तेच ऱ्हस्व. 'गुण' किंवा 'शरीर' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाबाहेर राहतात. ते निराळे शिकवावे लागतात. एका मुलीने यावर विचारले, "मग भूमचं भुमला का नाही?" वर्ग हसला, परंतु प्रश्न पक्का होता. 'भूमला' म्हणताना नावाचे रूप बदलत नाही, म्हणून ऊकार जागचा हलत नाही. तसेच सोलापूरला, पण सोलापुरात.

आता यंत्राकडे. बहुतेक लोकांना माहीत असलेले साधन म्हणजे चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारे. 'हनस्पेल' नावाच्या मोफत प्रणालीवर चालणारी अशी मराठी तपासणी लिबर ऑफिसमध्ये वापरता येते. ही प्रणाली मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाली. तिकडेही मराठीप्रमाणे शब्दाला प्रत्ययांच्या माळा लागतात. घर, घराला, घरासमोरचा, घरासमोरच्यांनाही, अशी सगळी रूपे कोशात कोण भरणार? म्हणून अशी प्रणाली मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळे ठेवते. मोठ्यांच्या लेखनाला हे साधन उपयोगी आहे. लहान मुलाला मात्र ते फारसे काही शिकवत नाही. 'सूत' लिहायचे तेथे 'सुत' लिहिले तरी दोन्ही शब्द खरे असल्यामुळे रेघ येत नाही. आणि जेथे येते तेथे मूल सुचवलेल्या शब्दावर टिचकी मारून मोकळे होते. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी शब्द निवडण्याची सोय तर त्याहून घातक. तेथे ऱ्हस्व की दीर्घ हे मूल ठरवतच नाही, ते यंत्र ठरवते.

म्हणून आमचा आग्रह इनस्क्रिप्ट कळफलकाचा आहे. त्यात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या कळा वेगळ्या असल्याने मुलाला प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो. आणखी एक गंमत. हाताने 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढली जाते. कळफलकावर आधी क, मग वेलांटी. उच्चाराचाही क्रम हाच. वेलांटी नेमकी कोणत्या अक्षरावर द्यावी याचा गोंधळ असलेल्या मुलांना हा क्रम उपकारक ठरतो, असे आमचे निरीक्षण आहे.

दुसरे साधन 'अँकी'. हे संगणकावर मोफत चालते. शिक्षकाने आपल्या आवाजात शब्द आणि त्याचे वाक्य मुद्रित करून ठेवायचे. मुलाने ते ऐकून टंकलिखित करायचे. मग यंत्र बरोबर आणि चुकलेली अक्षरे वेगवेगळ्या रंगांत दाखवते. चुकलेला शब्द लवकर परत येतो, बरोबर आलेला काही दिवसांनी, नंतर आणखी उशिरा. यामागची कल्पना यंत्राहून जुनी आहे. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली पुस्तकातून पुठ्ठ्याच्या खोक्याचे कप्पे करून हीच पद्धत सांगितली होती. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्यात. वीज गेली की आम्ही बुटांच्या रिकाम्या खोक्यांवर काम चालवतो. फरक एवढाच की खोके बोलत नाही.

आणि बोलणे महत्त्वाचे आहे. तोच शब्द अकरा वेळा ऐकवूनही यंत्राच्या आवाजात त्रासिकपणा येत नाही. आमच्या येतो, हे कबूल केले पाहिजे. फळ्यापाशी चाळीस मुलांसमोर चुकणे आणि कानाला हेडफोन लावून एकट्याने चुकणे यांत मागे पडलेल्या मुलाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

तरीही अपेक्षा मापात ठेवाव्यात. 'प्रथम' संस्थेच्या मुंबई आणि बडोदा येथील उपक्रमांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले गेले आणि गुणांत स्पष्ट वाढ दिसली. दोन्ही शहरांत 'बालसखी' म्हणून नेमलेल्या स्थानिक तरुणींनी मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट शिकवले आणि तेथेही मुले पुढे सरकली. संगणकाचा भाग गणितापुरता होता, तेव्हा तो लेखनाला जसाच्या तसा लावता येणार नाही. मुलाला त्याच्या पायरीवरून शिकवणे, हे मात्र दोन्हींत समान होते.

काही मुले एवढ्यानेही पुढे सरकत नाहीत. त्यांना 'ढ' म्हणू नये. (अशोकाच्या ब्राह्मीतला ढ आजच्या ढ शी जवळजवळ जुळतो. न बदलणारा तो ढ, अशी या शिवीची उपपत्ती सांगतात. आम्हांस मात्र ते अक्षर त्यामुळेच अधिक आवडते.) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशी शंका आल्यास पालकांनी मुलाची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आम्ही सोबत येऊ.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांना आमची विनंती आहे की वीस नवे संगणक नकोत. चालू स्थितीतील पाच जुने, हेडफोन, आणि कळफलकावर चिकटवायची देवनागरी अक्षरे पुरेत. त्याहून आम्हांस तुमचा आवाज हवा आहे. ऊस, कोयता, मोळी, भट्टी, खवा, विहीर यांपासून सुरू होणारी शब्दांची यादी शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. पुढील मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाने त्यांतील दहा शब्द, वाक्यांसह, मुद्रित करून द्यावेत.