बाटलीतल्या फेसाची साखर
अमेरिकेत घरी बिअर करणारे बाटल्या भरताना बिअरमध्ये थोडी साखर मिसळतात. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकण घट्ट असल्याने तो बिअरमध्येच विरघळतो. साखर कोणती घ्यावी? पुष्कळजण मक्याचं डेक्स्ट्रोज घेतात. पण त्याच्या स्फटिकांत सुमारे ९ टक्के पाणी असतं, आणि १०० ग्रॅम साध्या साखरेच्या जागी ते सुमारे ११५ ग्रॅम लागतं. एवढ्याशा प्रमाणात चवीला फरक जाणवत नाही. माझं मत विचाराल तर साधी साखरच उत्तम. मधात पाणी कमी-जास्त असतं, अंदाज चुकतो. लिटरला ६-७ ग्रॅम साखर पुरे. चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. आंबणं पूर्ण थांबल्याशिवाय बाटली भरूच नका. जादा वायूने काच फुटते.