गळाला लागला, पुढे काय?

बालमित्रांनो, मासे धरायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोकणातल्या मुलांना तंगूस बांधलेली बांबूची काठी आठवेल. खाडीकाठी राहणाऱ्यांना पाग टाकणारे काका आठवतील. आणि पुण्या-मुंबईकडच्या मुलांना? त्यांना बहुधा थेट मासळीबाजारच दिसेल!

पण अमेरिकेत असे लाखो लोक आहेत, जे या छंदापायी मोटारीच्या किमतीची होडी घेतात. तिच्यावर दोन-दोन मोटरी बसवतात. पाण्याचा तळ दाखवणारा पडदा लावतात. दिवसभर उन्हात उभं राहून एका माशाचा माग काढतात. आणि तो हाती लागला की काय करतात, ठाऊक आहे? पुन्हा पाण्यात सोडून देतात!

या माशाचं नाव ‘लार्जमाऊथ बास’, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. तो गोड्या पाण्यातला, तळी, धरणं आणि संथ नद्यांमध्ये राहणारा. अंगाने हिरवट, कुशीवर काळसर पट्टा आणि जबडा असा की तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते. सापडतो तो बहुतेक वेळा किलो-दोन किलोंचा. मूळचा उत्तर अमेरिकेतला.

बास हा शिकारी मासा आहे, पण उगाच पळापळ करणारा नव्हे. पाण्यात पडलेलं झाड, पाणवनस्पतींची जाळी, धक्क्याखालची सावली अशा जागी तो मांजरासारखा दबा धरून बसतो. लहान मासा किंवा बेडूक टप्प्यात आला की एकदम तोंड उघडतो, आणि पाण्याबरोबर शिकार आपोआप आत ओढली जाते. चव भलतीच लागली तर तितक्याच झटक्यात बाहेर थुंकतो. म्हणजे गळ टाकणाऱ्याच्या हातात डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ! शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते. त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याला फसवणं सोपं नाही.

मग माणसाने काय केलं? खोटी आमिषं तयार केली. त्यांच्या गोष्टी मोठ्या मजेशीर आहेत, बरं का.

मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावी जेम्स हेडन नावाचे गृहस्थ होते. सांगतात ते असं, की एकदा बसल्या बसल्या त्यांनी चाकूने लाकडाचा एक तुकडा तासला आणि सहज गिरणीच्या तळ्यात भिरकावला. तोच एका बासने उसळी मारून त्याच्यावर झडप घातली! पुढे हेडन यांनी लाकडी बेडूक आणि लाकडी मासे विकण्याचा कारखानाच काढला.

तिकडे युरोपातल्या फिनलंडमध्ये लाउरी रापाला हे गरीब कोळी होते. होडी वल्हवताना ते पाण्यात निरखून बघत. त्यांच्या लक्षात आलं, की शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातला कुठलाही मासा धरत नाही. जो जरा तिरका, डगमगत पोहतो, नेमका त्यालाच धरतो. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा तसाच डगमगणारा मासा केला. चकाकी हवी म्हणून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. वार्निश घ्यायला पैसे नव्हते, तर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे त्या आमिषाने अमेरिकेतल्या बासलाही वेड लावलं.

१९४९ मध्ये ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात निक क्रीम आणि त्यांच्या पत्नीने घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. आज बास धरणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यात अशी गांडुळं असतातच. ती लावायची एक खास युक्ती आहे. आधी दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, मग गळ बांधायचा आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं. टोक बाहेर नसल्यामुळे आमिष फांद्यांत आणि शेवाळात फिरलं तरी अडकत नाही. माशाने तोंडात धरून दाबलं की टोक बाहेर येतं. ही टेक्सास पद्धत.

काही आमिषांच्या तोंडापुढे प्लास्टिकची जीभ असते. दोरा ओढला की पाणी त्या जिभेवर दाबतं आणि आमिष खाली बुडी मारतं. जीभ लांब असेल तर बुडी खोल, आखूड असेल तर उथळ. बादलीत पाणी घेऊन चपटा चमचा तिरका धरून ओढा, म्हणजे हाताला कळेल.

काठीबद्दल फार लिहीत नाही. ती आता बांबूची नसते, कार्बनच्या धाग्यांची, साडेसहा-सात फुटांची, हलकी आणि लवचीक असते. रिळाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बासवाल्यांचं आवडतं रीळ एकोणिसाव्या शतकात केंटकी राज्यातल्या घड्याळजींनी घडवलं. हँडलचा एक वेढा दिला की आतली फिरकी कितीतरी वेढे घेते. दातेरी चाकांची ती करामत घड्याळजींना येणारच! पण त्यात एक गोम आहे. आमिष फेकलं की फिरकी गरगर फिरते. आमिष पुढे मंदावतं, फिरकी मात्र थांबत नाही, आणि सगळ्या दोऱ्याचा सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता होतो. म्हणून फेकताना अंगठा हलकेच फिरकीवर ठेवायचा. हा अंगठ्याचा ब्रेक यायला नवशिक्यांचे कितीतरी रविवार जातात. लहान मुलांना देतात ते रीळ वेगळं, त्याची फिरकी फेकताना फिरतच नाही, दोरा कडेवरून सुटतो. पतंगाचा मांजा फिरकीवरून सोडणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

आता १९३२ सालात जाऊ. अमेरिकेत भयंकर मंदी होती, लोकांच्या हातांना काम नव्हतं. २ जून या दिवशी जॉर्जिया राज्यात पावसामुळे शेतात नांगर चालेना. जॉर्ज पेरी नावाचा गरीब शेतकरी तरुण मित्राला घेऊन मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. होडी घरी ठोकलेली. दोघांत मिळून काठी एक आणि आमिषही एकच. त्या दिवशी त्याला लागलेला बास भरला २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून जरासा जास्त! तो जगातला विक्रम ठरला. आणि त्या विक्रमी माशाचं काय झालं? पेरीच्या घरच्यांनी तो खाल्ला. घरात खाणारी तोंडं होती, आणि मासे आणायचे ते त्यासाठीच.

पुढे दिवस पालटले. १९६७ साली अलाबामा राज्यातले विमा एजंट रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली. त्यानंतर अशा स्पर्धांचं पेवच फुटलं. पण स्पर्धा म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे मेलेल्या माशांचे ढीग. असंच चाललं तर तळी रिकामी होतील, असं लोक बोलू लागले. स्कॉट यांनी कोलोरॅडोत ट्राउट मासे धरणाऱ्यांना मासा सोडून देताना पाहिलं होतं. १९७२ पासून त्यांनी आपल्या स्पर्धांत नियम आणला. मासा जिवंत आणायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा. मेलेला आणला तर गुण कमी!

या एका नियमाने होडीचं रूपच बदललं. होडीच्या पोटात मासे जिवंत ठेवायची टाकी आली. टाकी म्हणजे नुसतं पाणी नव्हे हं! पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम राहतो, ३० अंशांना साडेसातच. आणि गरम पाण्यात माशाला तर जास्त श्वास लागतो. म्हणून पंपाने तळ्याचं ताजं पाणी आत घ्यायचं, हवेचे बुडबुडे सोडायचे, उन्हाळ्यात पाणी थोडं थंड ठेवायचं.

बाकीची होडीही बघण्यासारखी असते. लांबी अठरा ते एकवीस फूट, तळ उथळ, पुढे आणि मागे उभं राहून फेकण्यासाठी सपाट ओटे. मागच्या मोठ्या इंजिनाने लांबचा पल्ला गाठायचा. मासे जवळ आले की ते बंद. मग पुढची विजेची मोटर, जिचा आवाज जवळजवळ येत नाही. ती पायाने चालवतात, म्हणजे दोन्ही हात काठीला मोकळे. नव्या मोटरी तर उपग्रहांच्या मदतीने होडी वाऱ्यातही एका जागी धरून ठेवतात, नांगर टाकायला नको!

तळ पाहायचं यंत्र आवाजावर चालतं. ते खाली आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. समजा, प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत आला. तर पाणी किती खोल? १५ मीटर म्हणालात तर चुकलात! तो जाऊन परत आला ना, मग साडेसात मीटर.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. या होड्या फार जोरात धावतात. चालवणारा पाण्यात फेकला गेला, तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. म्हणून चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. अशा होड्यांना हा बंद सोडून न धावण्याचा कायदा अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे धरणाच्या पाण्यात होडीतून सहलीला जाताना मुलांच्या अंगात तरंगणारं जाकीट आहे का, आणि त्याचे बंद लावलेत का, एवढं तरी जरूर बघा.

वर्गात हे सगळं सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, “सोडायचाच आहे, तर धरायचा कशाला?” प्रश्न बिनतोड आहे. गळाने माशाला जखम होते. सोडलेले सगळेच मासे जगतात असंही नाही. म्हणून जाणते लोक काळजी घेतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने धरलं तर तो निघून येतो, म्हणून आधी हात ओले करायचे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे गळ पटकन सुटतो. मासा मोठा असेल तर पोटाखाली हाताचा आधार द्यायचा. वसंतात तर आणखी जपायला हवं. तेव्हा नर बास उथळ पाण्यात शेपटीने खड्डा करून अंड्यांची राखण करतो. भूक नसली तरी जवळ आलेल्या आमिषावर चिडून तुटून पडतो, म्हणून सहज सापडतो. त्याला चार मिनिटं बाहेर काढलं की तेवढ्यात ब्लूगिल नावाचे लहान मासे येऊन अंडी फस्त करतात. या दिवसांत घरट्यावरच्या नराला कुणी छेडूच नये, असं मला वाटतं.

ब्लूगिल हे नाव लक्षात ठेवा. आता आपण जपानला निघालो आहोत.

२ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोंचा बास धरला. तो पेरीच्या माशाहून रतीभरच जड होता. नियम असा, की जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त हवेत. म्हणून सत्त्याहत्तर वर्षांनंतर दोघांचा विक्रम बरोबरीचा ठरला! कुरितांच्या गळाला आमिष होतं जिवंत ब्लूगिलचं.

पण गंमत पाहा, हे दोन्ही मासे जपानचे नव्हेतच. बास १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून तिथल्या आशी तलावात सोडला गेला. ब्लूगिल तर १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे युवराज अकिहितो यांना भेट म्हणून दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी ते मासे संशोधनासाठी दिले. पुढे ते जपानच्या पाण्यात पसरले आणि दोघांनी मिळून तिथले मूळचे लहान मासे आणि अंडी फस्त केली. २००७ साली बिवा सरोवराच्या काठी बोलताना, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी या गोष्टीबद्दल मनाला वेदना होतात असं जाहीरपणे सांगितलं.

त्यामुळे बिवाचा नियम अमेरिकेतल्या स्पर्धेच्या बरोबर उलटा आहे. तिथे २००३ पासून बास किंवा ब्लूगिल धरला तर पाण्यात परत सोडायला बंदी आहे. ते टाकण्यासाठी सरोवराच्या काठी पेट्याच ठेवल्या आहेत.

आपल्याकडेही असा एक पाहुणा आहे. भिगवणला गेलात तर उजनी धरणातली चिलापी ताटात येईल. ती मूळची आफ्रिकेतली, आणि तिची एक जात १९५२ साली भारतात आली. तिच्या आधी भीमेत कोणते मासे मिळत, ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारा. नावं वहीत लिहून आणा, आणि त्यातले किती मासे आज बाजारात दिसतात तेही बघून या.