मोळीबरोबर येणारे पाणी

कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली तोलली जाते, तेव्हा खरे तर पाणीच तोलले जाते. एक टन उसात सुमारे 700 लिटर पाणी असते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, या पट्ट्यातला कोणताही कारखाना घ्या. दिवसाला 5,000 टन गाळप धरले, तरी गव्हाणीत रोज 35 लाख लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीनशे टँकर, तेही पाणीपट्टी न भरता आणि मोटार न लावता.

यातले थोडे बगॅसबरोबर, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाबरोबर जाते, बाकीचे रसात उतरते. रस दाट करताना टनामागे साधारण 750 लिटर पाण्याची वाफ करावी लागते. उसातल्या पाण्यापेक्षाही जास्त, कारण बगॅसमधली उरलीसुरली साखर धुऊन काढायला मिलवर वरून गरम पाणी मारतात. एवढ्या पाण्याला वेगवेगळी आच द्यायची म्हटली, तर बगॅस पुरणार नाही. तोड 1840च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिओने काढली. एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्याला आच म्हणून द्यायची. अशी चार भांडी जोडली, की एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडते. वाचलेल्या बगॅसवर वीज होते, ती विकता येते. पाणी आणि खर्च इथे एकाच नळीत वाचतात.

या वाफेचे पाणी झाले, की प्रयोगशाळेत त्याची परीक्षा होते. परीक्षानळीत अल्फा नॅप्थॉलचे थेंब, मग कडेने सल्फ्युरिक आम्ल. जांभळे कडे दिसले, की पाण्यात साखर आली. ते बॉयलरला चालत नाही, मिलवर किंवा धुण्याला चालते. उरलेले थंड आणि शुद्ध करून घेतले, की कारखाना कालव्याकडे फारसा न बघता हंगाम काढू शकतो. केंद्राने 2016 साली सांडपाण्याची मर्यादा टनामागे 400 लिटरवरून 200 वर आणली. 10 लाख टनांच्या हंगामात हा फरक 20 कोटी लिटरचा.

आकडा दांडगा वाटतो ना? आता शिवारात या.

पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला पावसासह सुमारे एक कोटी लिटर पाणी लागते. इथे वर्षाला पडणारा जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस सगळा मुरला, तरी त्यातले 20 लाखच भागतात. उरलेले 80 लाख नीरा डावा कालवा, विहीर नाहीतर उजनीचे फुगवट्याचे पाणी देते. एकरी 40 टन उतार धरला, तर 10 लाख टनांना 25,000 एकर लागतात. हिशेब होतो 20,000 कोटी लिटर, म्हणजे सात टीएमसी. वीर धरणाचा सुमारे पाऊण साठा, एका कारखान्याच्या एका हंगामाला!

कारखान्याने मोठ्या कष्टाने वाचवलेले ते 20 कोटी लिटर म्हणजे फक्त 25 एकर उसाचे वरचे पाणी. ठिबकने 40 टक्के वाचले असे धरले, तर आकडा 8,000 कोटींवर जातो. चारशे पट. मोकळे सोडलेले थोडे पाणी खालच्या विहिरींना मिळते, हे खरे. पण त्यासाठी धरण रिकामे करायचे कारण नाही.

विजेचेही तेच. 80 लाख लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरून, एकरी तेराशेच्या आसपास युनिट लागतात. एप्रिल 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचे बिल शेतकऱ्याला येत नाही. त्यामुळे मोटार बंद करायची निकड खिशाला जाणवत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसात एआयचा प्रयोग केला आहे; जमिनीतला ओलावा बघून पाणी द्यायचे, हे त्याचे एक अंग. चांगलेच आहे. पण ठिबकच्या नळ्या ज्याच्या रानात नाहीत, त्याच्या मोबाइलवर सल्ला येऊन उपयोग काय?

नळ्यांचा खर्च उसाच्या बिलातून हप्त्याने कापून घेणे कारखान्याला जमते. बियाणे आणि खते तो उधारीवर देतोच. सभासदांनो, यंदाच्या वार्षिक सभेत एफआरपी आणि उताऱ्यावर बोलून झाले, की अध्यक्षांना आणखी एक विचारा: आपल्या नोंदीतला किती एकर ऊस ठिबकवर आहे, आणि पुढच्या वर्षी किती असेल? उत्तर अहवालात छापून मागा.