जॅक्सन हाइट्‌सचं ‘को-ऑप’ घर

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्‌स ही आखून वसवलेली वस्ती. क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९ पासून इथली शेतजमीन घेतली, १९१७ मध्ये उन्नत रेल्वे पोहोचली आणि बांधकामाला वेग आला. ‘शॅटो’ आणि ‘टॉवर्स’ ही अँड्र्यू थॉमस या वास्तुरचनाकाराची १९२० च्या दशकातली संकुलं. इमारती कडेने, मध्ये सामायिक बाग. रस्त्यावरून चालणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

इथल्या ‘को-ऑप’ मालकीचा प्रकार आपल्याला परका नाही. घर नव्हे, इमारतीची मालक असलेल्या कंपनीचे शेअर घ्यायचे आणि त्यावर राहण्याचा करार मिळवायचा. दरमहा मेंटेनन्स असतोच. फरक एवढाच, की इथलं संचालक मंडळ तुमचे आयकराचे कागद तपासून, मुलाखत घेऊन मगच होकार देतं. जुन्या इमारतीत वाफेवरचे रेडिएटर फुसफुसतात. ऊब इतकी, की ऐन जानेवारीत खिडकी किलकिली ठेवावी लागते.

सुरुवातीला ज्यू आणि कृष्णवर्णीयांना इथे घर मिळत नसे, हे बागांचं कौतुक करताना सोयीस्करपणे विसरलं जातं. आज ७४व्या रस्त्यावर साड्या, सोनं, मिठाई. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर कोलंबियन, मेक्सिकन खाणावळी. १९९३ पासून बराचसा भाग संरक्षित वारसा क्षेत्र आहे, त्यामुळे खिडकी बदलायलाही परवानगी लागते.

घर घेणार असाल तर बागेआधी इमारतीचा ताळेबंद पाहा. तिच्यावरच्या कर्जाचा हप्ता तुमच्याच मेंटेनन्समधून जातो.