प्रत्येक डबा न्युमोनियाचाच नसतो

तान्ह्या बाळाचं पोट उडू लागलं की गंगाखेडच्या आसपास घरातली जाणती बाई सांगते, 'डबा झालाय.' बहुतेकदा तो न्युमोनियाच असतो. मोजक्या बाळांत मात्र फुप्फुसाच्या घडणीतच दोष असतो आणि तो न्युमोनियाच्या नावाखाली झाकला जातो.

गैरसमज : सोनोग्राफी चांगली होती, मग जन्मजात दोष कसा?
वस्तुस्थिती : १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत फुप्फुसातल्या पुट्या बऱ्याचदा दिसतात, पण सगळेच दोष दिसत नाहीत. काही पुट्या पुढच्या सोनोग्राफीत दिसेनाशा होतात आणि जन्मानंतर सीटी स्कॅनमध्ये सापडतात.

गैरसमज : आईने ग्रहण पाळलं नाही, म्हणून असं झालं.
वस्तुस्थिती : हे दोष गर्भात फुप्फुसं घडतानाच होतात. ग्रहणाशी त्यांचा संबंध नाही.

गैरसमज : एक्स-रे काढला की निदान पक्कं.
वस्तुस्थिती : जन्मजात लोबर एम्फिसीमात फुप्फुसाच्या एका खंडात, बहुतेकदा डाव्या वरच्या, हवा शिरते पण नीट बाहेर पडत नाही. फिल्मवर तो भाग काळाभोर दिसतो आणि फुप्फुस फुटून छातीत हवा साठल्यासारखा भासतो. निरखून पाहिलं तर त्या काळ्यात रक्तवाहिन्यांच्या पुसट रेषा असतात. साठलेल्या हवेत त्या नसतात. हा फरक हुकून छातीत नळी घातली, तर बाळ आणखी अत्यवस्थ होऊ शकतं.

गैरसमज : एवढ्याशा जिवाला सीटी स्कॅन नकोच.
वस्तुस्थिती : लहान मुलांसाठी किरणांची मात्रा कमी ठेवतात. दोष कोणत्या खंडात आहे आणि त्याला थेट महाधमनीतून रक्त जातं का, हे कॉन्ट्रास्ट सीटीत कळतं. शस्त्रक्रियेआधी सर्जनला ते माहीत असावंच लागतं.

गैरसमज : औषधाने उतार पडला, म्हणजे प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : न्युमोनिया फिरून त्याच जागी झाला, तर जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावून पाहायला हवी. म्हणून एक्स-रे फेकू नका.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले असतील किंवा दूध ओढवत नसेल, तर बिब्बा, डाग, शेक यांत वेळ घालवू नका. १०८ला फोन करा, उपजिल्हा रुग्णालय गाठा. पुढे परभणी किंवा नांदेडला पाठवलं, तर त्याच दिवशी निघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत आहेत.